बारीक झाली का चांदणी?

ताई गेल्याचं कळलं तेव्हा मी बागेत द्राक्षाचे घड विरळत होते. हे बांधावरूनच म्हणाले, "ताई गेली गं..." त्याला आता सव्वा महिना झाला.

ताई म्हणजे ह्यांची थोरली बहीण. शहरात गंगापूर रोडला एकट्या राहायच्या, शाळेत भूगोल शिकवायच्या. रिटायर झाल्यावर पाटल्या मोडून त्यांनी कॅमेरा घेतला आणि दर अमावास्येला पिंपळगावजवळ आमच्या मळ्यात चांदण्यांचे फोटो काढायला येऊ लागल्या. त्या आल्या की अंगणातला दिवा बंद, ह्यांची विडीसुद्धा बंद.

पण ताईंना मोतीबिंदू, आणि ऑपरेशनची भीती. म्हणून फोकस बघायचं काम माझ्याकडे आलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक चांदणी मोठी करायची आणि भिंगाची कडी हळूहळू फिरवायची. चांदणी टाचणीच्या टोकाएवढी झाली की थांबायचं. कडी त्या फिरवायच्या, बघायची मी.

"बारीक झाली का गं?"

"हो ताई."

झालेली नसायची. चांगली साबुदाण्याएवढी असायची. पण मी चौथी शिकलेली, त्या मास्तरीणबाई, वर थोरली नणंद... नाही कसं म्हणणार? फोटो धुरकट आले की ताई कधी स्टँडला बोल लावायच्या, कधी भिंगाला. हे म्हणायचे, "ताई, तुझ्या चांदण्या उपासाला चालतील."

एका अमावास्येला त्या स्टँड मांडता मांडता म्हणाल्या, "आजचा शेवटचा. नाही जमलं तर कॅमेरा विकते." मग नेहमीसारखं विचारलं, "झाली का बारीक?"

मी म्हणाले, "नाही."

"काय?"

"नाही ताई. जाड आहे. मागच्या वेळीही होती... दर वेळी होती."

"अगं भवाने! दोन वर्षं मी त्या कॅमेऱ्याच्या दुकानदाराचा जीव खाल्ला!" आणि इतक्या हसल्या की स्टँड हलला. "आता भीड धरलीस तर बघ. सांग!"

"अजून... अजून... ताई, जास्त झालं, मागं घ्या... बस!"

खसखस सांडावी तशा चांदण्या आल्या. ताईंनी पडद्याला नाक लावलं, पण त्यांना धड दिसेना. "खरंच आल्यात?"

"खरंच, ताई."

"आत्ता तुझ्या 'हो'ला किंमत आली," त्या म्हणाल्या. कॅमेरा काही विकला नाही.

दहाव्याच्या आदल्या दिवशी ह्यांनी ताईंचा फोटो मोठा करून, फ्रेम घालून आणला. सगळे नातेवाईक म्हणाले, छान आहे. मग हे माझ्याकडे वळले, "बरा आहे ना गं?"

चेहरा धुरकट होता, डोळे तर पुसल्यासारखे. सगळी बैठक माझ्याकडे बघत होती. मी पदर सावरला.

"नाही. दुसरा आणा."

हे चपला घालून परत दुकानात गेले.