बैठकीतली घोडी

काल संत्र्याच्या बागेत मजूर झाडांच्या बुंध्यांना चुना-मोरचूद लावत होते. तो निळा रंग पाहून कामठीचे घर आठवले.

बाबांचा टांगा होता. त्या पावसाळ्यात चिखलात उभे राहून घोडीच्या खुराला बुरशी लागली. कुजका वास येऊ लागला, ती लंगडू लागली. डॉक्टर म्हणाले, खूर साफ करून मोरचुदाचे पाणी लावा आणि पाय कोरडे ठेवा. कोरडी जमीन फक्त बैठकीत होती. बाबांनी घोडी विकायचे ठरवले. आईने खाट ओल्या पडवीत काढली आणि घोडी आत बांधली.

“अन् आपण कुठं झोपाचं?” बाबा म्हणाले.

“पडवीत. आपल्याले काही खूर नाहीत.”

गिऱ्हाईक आले तेव्हा घोडी बैठकीत गवत खात होती. मला तेव्हा लाज वाटली. आता हसू येते.

“घोडी घरात काहून?” त्याने विचारले.

“घरचीच आहे, भाऊ,” आई म्हणाली. “पाहुण्यांनी पडवीत बसावं.”

तो हसत निघून गेला. बाबांनी मोरचुदाची वाटी उचलली आणि घोडीचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला.