अमरकंटकला निघालो होतो

अमरकंटकला निघालेल्या बाईनं सौंसरच्या आसपासहून परत यावं आणि वर त्याचं प्रवासवर्णनही लिहावं, याला काय म्हणायचं ते वाचकांनीच ठरवावं. पांढुर्णा ते सौंसर हा काही प्रवास नाही. आमच्याकडचे लोक दात दाखवायला, लग्नाचं कापड आणायला तेवढं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतात. पण मोटारसायकलवरचा माझा शेवटचा प्रवास तोच ठरला, म्हणून लिहिते.

मी नलिनी. पांढुर्ण्याच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, यंदा निवृत्त झाले. माझे यजमान मधुकरराव तहसील कचेरीतून तीन वर्षांपूर्वी सुटले. घरात मी त्यांना अहो म्हणते, पण अहो म्हणत लिहायला बसले तर राग नीट उतरायचा नाही. म्हणून इथे नावानंच लिहिणार आहे.

माझं माहेर सौंसरच्या पुढचं रामाकोना. लग्नानंतर मधुकररावांनी मला तिथून पांढुर्ण्याला आणलं ते मित्राच्या मोटारसायकलवर. वाटेत म्हणाले होते, नर्मदा जिथून निघते तिथपर्यंत तुला असंच मागं बसवून नेईन. नव्या नवरीला कुणीही काहीही म्हणतं, पण माझ्या ते डोक्यात बसलं. त्यानंतर मागच्या सीटवर बसून मी बाजार केला, शाळा गाठली, सासूबाईंना दवाखान्यात नेलं, मयतींना गेले. अमरकंटक तेवढं राहिलं. आधी मुलं लहान होती, मग घर बांधायचं होतं, मग माझे गुडघे गेले. नागपूरच्या डॉक्टरांनी यंदा ऑपरेशनची तारीखच देऊन टाकली आणि सांगितलं, "गुडघे बदलल्यावर मोटारसायकलच्या मागं दिवसदिवस बसायचं विसरा." तारीख दोन महिन्यांनंतरची होती. मी घरी आल्यावर म्हटलं, आता नाही तर नाही. रेल्वेनं सगळेच जातात. मला मोटारसायकलवरून जायचं होतं.

मधुकरराव हो म्हणाले आणि कामाला लागले. तयारीत त्यांचा हात कुणी धरणार नाही. महिनाभर अंगणात गाडी उघडी पडलेली. तेल बदललं, चेन बदलली, टायर बदलले. सगळ्यात जास्त लाड बॅटरीचे झाले, कारण आताच्या या गाडीला किकच नाही. बटण दाबायचं, चालू झाली तर झाली. जुनी बॅटरी चांगली चालत असताना त्यांनी नवी घेतली. व्होल्ट मोजायचं मीटर आणलं आणि रोज सकाळी चहाआधी ते लावून आकडा मोठ्यानं वाचायचे. शेजारच्या भाऊंना सांगायचे, "मानूस धोका देईन, बॅटरी नाई देनार." माझा रक्तदाब त्यांनी इतक्या नेमानं कधी मोजला नाही. तरी मला बरं वाटत होतं. हे सगळं माझ्यासाठी चाललंय, असं मी धरून चालले होते.

कार्तिकातल्या एका गुरुवारी निघालो. थंडी नुकती लागली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बायकांच्या पाठी तेवढ्या वर दिसत होत्या. संत्र्याच्या बागांमधून झाडांना टेकू दिलेले बांबू दिसायचे आणि फळाचा वास हेल्मेटच्या आतपर्यंत यायचा. जामसावळीला थांबून निजलेल्या मारुतीचं दर्शन घेतलं. तिथली प्रसादवाली बाई माझं चालणं बघून म्हणाली, "मावशी, गुडघ्यासाठी आले का?" मी म्हटलं, "नाई वं, अमरकंटकले चालली." तिनं गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि एक नारळ जास्तीचा फोडला. सौंसरला तर्री-पोहे (वरून झणझणीत रस्सा घातलेले पोहे) खाल्ले. मी दोन प्लेट खाल्ल्या. इतकी भूक मला पुष्कळ दिवसांत लागली नव्हती.

दुपारी रामाकोन्याला पोचलो. पहिला मुक्काम माझ्या थोरल्या भावाकडे, दिनकरदादाकडे, असं ठरलेलं होतं. दादाचं बरं चाललंय. संत्र्याची बाग आहे, शेजारच्या वावरात (शेतात) हरभरा नुकता वर आला होता. वहिनीनं भरीत आणि भाकरी केली, पाटोडीचा रस्सा केला. जेवताना दादा रोह्यांबद्दल (नीलगायींबद्दल) तक्रार करत होता. म्हणाला, "पूरा कळपच येऊन राहिला. अन् झटका मशीनची बॅटरी बसली." झटका मशीन म्हणजे शेताभोवतीच्या तारेत थोड्या थोड्या वेळानं वीज सोडणारा डबा. जनावर मरत नाही, दचकून पळतं. मी हो-हो केलं आणि पाय शेकून लवकर झोपले. उद्या घाट चढायचा होता.

सकाळी मधुकररावांनी बटण दाबलं तर गाडीनं आधी घसा खाकरल्यासारखं केलं. दोनदा, तीनदा. चौथ्यांदा लागली.

"असं काऊन करून राहिली?" मी विचारलं.

"थंडी हाय ना. बस तू."

मी बसले. दादा फाटकाशी उभा राहून हात हलवत होता. खूश दिसत होता.

घाट सुंदर होता, हे मला कबूल करायलाच पाहिजे. सागाची पानं मोठी, धुळीनं माखलेली, वळणावळणावर माकडं बसलेली. मागं वळून पाहिलं की आमचा सगळा मुलूख खाली पसरलेला दिसायचा. गुडघे दुखत होते, पण मी सांगितलं नाही. घाट चढून गेल्यावर एक टपरी लागली. मधुकररावांनी गाडी उभी केली, पण बंद केली नाही. आम्ही बाकावर बसलो आणि गाडी समोर फुरफुरत उभी.

"बंद करा ना जी ते," मी म्हटलं.

"राहू दे. इंजन गरम राह्यते."

चहा आला. गाडी चालूच. माझा जन्म मास्तरणीचा. रिकाम्या वर्गात पंखा फिरताना दिसला तरी मला चैन पडत नाही. समोर पेट्रोल जळतंय आणि आम्ही बिस्किटं बुडवतोय, हे काही सहन होईना. मी उठले, गाडीपाशी गेले आणि किल्ली फिरवली. मागून मधुकरराव "अगं, अगं" म्हणत धावत आले. कपातला चहा त्यांच्या शर्टावर सांडला.

गाडी त्यानंतर चालू झाली नाही. बटण दाबलं की टिक एवढाच आवाज. टपरीवाल्यानं आणि दोन ट्रकवाल्यांनी धक्का मारून पाहिला. त्यातला एक दम खात म्हणाला, "काकाजी, आताच्या गाड्या धक्क्यानं नाई लागत. बॅटरीच खतम हाय."

"चालू व्हती," मधुकरराव त्यांना म्हणाले. "इनं बंद केली."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला तिथल्या तिथं मेल्याहून मेल्यासारखं झालं. महिनाभर त्या माणसानं गाडीची सेवा केली आणि मी एका चिमटीत सगळ्यावर पाणी फिरवलं, असंच मला वाटलं. मी त्यांची माफी मागितली. टपरीवाल्यासमोर, ट्रकवाल्यांसमोर मागितली. ते म्हणाले, "जाऊ दे आता. व्हते असं."

सौंसरला परतणारा एक पिकअप मिळाला, संत्र्याचे रिकामे क्रेट घेऊन चाललेला. गाडी वर चढवली. मधुकरराव ती धरून मागं उभे राहिले, मी पुढे ड्रायव्हरजवळ बसले. ज्या घाटातून सकाळी वर चढत गेलो होतो तोच उलटा उतरताना मी ड्रायव्हरला सांगत होते की चूक माझीच झाली. तो भला माणूस होता. म्हणाला, "किल्ली बंद केल्यानं कोनती गाडी मरते, काकू?" मला वाटलं, समजूत काढतोय. रामाकोना आलं तेव्हा मी मान खाली घातली, दादाला तोंड दाखवायची लाज वाटली.

सौंसरच्या बाजारात बॅटरीचं एक दुकान आहे. दुकानदार वयस्कर, चष्मा कपाळावर. त्यानं गाडीचं बाजूचं झाकण काढलं आणि बॅटरी बाहेर ओढली. तिला उचलायला सुतळीची दांडी बांधलेली होती. अंगावर वाळलेला चिखल होता, एका कोपऱ्यात मुंग्यांची माती होती. मी ती बघत राहिले. आमच्या अंगणात महिनाभर जिची आरती चालली होती ती ही नव्हती.

"हे गाडीवरली नोहे जी," दुकानदार म्हणाला. "हे वावरातली हाय, झटक्याची. आपल्या इकडे सगळेच करतेत असं. बसली का गाडीले लावतेत, गाव फिरून येतेत, भरली का पुन्हा तारेले. पन हिच्यात आता काईच नाई राह्यलं. फुगली हाय पाहा."

मी मधुकररावांकडे पाहिलं. ते दुकानातल्या टायरच्या जाहिरातीकडे पाहत होते.

मी दादाला फोन लावला. तो आनंदातच होता. "नलू, पोचले काय छिंदवाड्याले? अवं, काल रातभर एक रोही नाई आला वावरात! नवी बॅटरी म्हनजे नवीच."

"दादा, माही बॅटरी तुह्याकडे हाय?"

"हो. जवाईबापूंनीच काढून देल्ली. म्हने आमची गाडी चालनारच हाय आठ दिवस, तुमची जुनी भरून आनतो. काऊन? तुले सांगतलं नाई काय त्याईनं?"

मी फोन ठेवला. दादावर राग येत होता, पण धरता येत नव्हता. त्यानं मागितली, त्याला मिळाली. गावात बॅटरी अशीच फिरते, आज याच्या गाडीत, उद्या त्याच्या तारेवर.

"मले सांगतलं काऊन नाई?" मी मधुकररावांना विचारलं.

"तुह्याच भावानं मागतली. तुह्या माहेरात बसून नाई कसं म्हनू?"

"मले विचारता आलं असतं."

"तू झोपली व्हती. अन् मले वाटलं, चालून जाईन."

"अन् घाटावर? मी सगळ्यांसमोर माफी मागून राहिली व्हती, तवा?"

दुकानदार उगाच फडक्यानं काउंटर पुसायला लागला. मग मधुकरराव म्हणाले, "सांगनारच व्हतो."

नवी बॅटरी अर्ध्या तासात बसली. बटण दाबलं, गाडी पहिल्या झटक्यात लागली. मधुकररावांचा चेहराच बदलला. झालं गेलं गंगेला मिळालं असं त्यांना वाटलं असावं. म्हणाले, "चाल, बस. संध्याकाळच्या आत छिंदवाडा. उद्या जबलपूर. काईच नाई बिघडलं."

खरंच काही बिघडलं नव्हतं. दिवस बाकी होता, पैसे होते, रस्ता मोकळा होता, माझ्या ऑपरेशनला तीन आठवडे होते. सीटवर बसायला मला एक पाय उचलायचा होता फक्त. तो मी उचलला नाही. अमरकंटकपर्यंत त्या पाठीकडे बघत बसणं मला जमलं नसतं.

"मी बसनं घरी चालली," मी म्हटलं आणि स्टँडकडे निघाले.

पांढुर्ण्याची बस लागलेलीच होती. खिडकीशी जागा मिळाली. पुढच्या थांब्यावर बस थांबली तर मधुकरराव खाली उभे, हेल्मेट हातात. खिडकीतून म्हणाले, "उतर ना. लोक पाहून राहिले." मी उतरले नाही. जामसावळीच्या फाट्यावर ते पुन्हा उभे होते. या वेळी नुसते दाराकडे बघत राहिले. शेजारच्या बाईनं विचारलं, "तुमच्या ओळखीचे हायेत काय?" मी म्हटलं, "हो." त्यापुढच्या थांब्यावर ते नव्हते. खोटं कशाला बोलू, मी मान काढून पाहिलं होतं.

बसमध्ये मी पुष्कळ विचार केला. हा माणूस वाईट नाही. दारू नाही, मारहाण नाही, पगार हातात आणून द्यायचा. माझा भाऊही वाईट नाही. दोन भल्या माणसांनी एकमेकांचा मान राखला, त्यात माझी एक गोष्ट देऊन टाकली, आणि ती माझी होती हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं. यांच्याशी भांडले असते तर मीच आकांडतांडव करणारी ठरले असते, तेही एका बॅटरीसाठी. कापसाची रानं मागं जात होती आणि मला पहिल्यांदाच त्यांचा कंटाळा आला.

घरी पोचले तेव्हा उन्हं उतरत होती. मधुकरराव आधीच आले होते. त्यांनी चहा केला होता, साखर जास्त झाली होती. कप माझ्यापुढे ठेवून ते समोर बसले. मग म्हणाले, "पुढच्या वर्षी जाऊ. गाडीनंच जाऊ. पक्कं."

डॉक्टर बोलले तेव्हा ते माझ्या शेजारच्याच खुर्चीत होते. पुढच्या वर्षी माझे गुडघे काय झालेले असतील, हे माझ्याइतकंच त्यांनाही ठाऊक होतं.

"जाऊ ना," मी म्हटलं.

ते मोकळे हसले आणि फडकं घेऊन गाडी पुसायला अंगणात गेले. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांच्याशी पहिल्यांदा खोटं बोलले, आणि त्यांना ते कळलंसुद्धा नाही.