मधला खांब

महिपती मुकादमाच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं. बायकांची थट्टा, गवंड्यांना शिव्या आणि पोरांना धाक हे तिन्ही तो एकाच दमात करायचा, आणि त्यातलं मनाला कोणीच लावून घ्यायचं नाही. माणूस वाईट असता तर त्याच्या एका हाकेवर निम्मं सोनिवली गाव घराला कडी घालून त्याच्यामागं कामाला गेलं नसतं. कोणाला ताप भरला तर स्वतः बैलगाडी जुंपून बदलापूरच्या डॉक्टरकडे न्यायचा आणि वाटभर त्या आजाऱ्यालाच शिव्या देत बसायचा. लोक म्हणायचे, जिभेला हाड नाही, पण माणूस आपला आहे.

लढाईच्या दिवसांत कल्याणला लष्कराची छावणी उभी राहिली तेव्हा हा डोक्यावर पाट्या वाहत होता. पुढं फाळणी झाली, लष्कर गेलं आणि त्याच बराकींत सिंधी निर्वासित येऊन पडले. एकेका बराकीत पडद्याआड दहा-दहा बिऱ्हाडं. मग भिंती घाला, चुली बांधा, गटारं खणा अशी कामं निघाली. चार नंबर कॅम्पातला टेऊमल शेठ तिकडून अंगावरच्या कपड्यांनिशी आलेला. त्यानं कंत्राटं घ्यायला सुरुवात केली. त्याला माणसं हवी होती आणि महिपतीला काम. महिपती माणसं आणू लागला आणि आणता आणता मुकादम झाला. कंत्राट शेठचं असलं तरी कामावरच्या बाया शेठला ओळखत नव्हत्या. त्या महिपतीच्या शब्दावर आलेल्या होत्या.

बनूबाई त्यातलीच. ऐन लावणीत तिच्या नवऱ्याला पान लागलं, साप डसला आणि चिखलातच त्याचा खेळ संपला. पदरात चार-पाच वर्षांची अंजनी, आणि घरात जाऊ उठता-बसता टोचणारी. महिपती तिच्या दारात जाऊन उभा राहिला, जावेला दोन शब्द सुनावले आणि बनूला म्हणाला, पोरीला घेऊन कामावर चल, मी आहे. तेव्हापासून ती त्याला दादा म्हणायची, आणि भाऊबिजेला तोही तिच्या दारी ओवाळून घ्यायला जायचा.

दिवाळीनंतर शेठला उल्हास नदीवरच्या एका पुलाचं काम मिळालं. तीन खांब उभे करायचे होते. काठाकडचे दोन खडकावर सुखानं उभे राहिले. मधला मात्र कोणाचंच ऐकेना. दिवसभर पाया खणावा आणि सकाळी येऊन बघावं तर खड्डा पाण्यानं भरलेला. वाळूच्या पोत्यांचा बांध दोनदा फुटला. शेठनं नारळ फोडला, कोंबडं दिलं, कल्याणहून पाणी उपसायचं इंजिन आणलं. खड्डा दोन पुरुष खोल गेला, कडा शेवाळानं बुळबुळीत झाल्या, आणि नेमकी तिथंच बायांची पोरं जाऊन वाकून बघायची. महिपतीनं ओरडून पाहिलं, एक-दोघांच्या पाठीत धपाटे घातले. पोरं ती, पाठ फिरली की पुन्हा खड्ड्याच्या काठावर.

मग एक दिवस त्यानं सगळ्यांना उंबराखाली ओळीनं बसवलं, डोळे मोठे केले आणि आवाज खाली आणून म्हणाला,

"पुलाला जेठं, पयल्या खेपेचं पोर लागतं. नदीनं मागून घेतलंय. जो कोण खड्ड्यापाशी येल त्याला या पोत्यात भरनार, पायात ठेवनार आनि वर दगड रचनार."

पोरांची बोलती बंद झाली. आया पदर तोंडाला लावून हसत राहिल्या. एकटी म्हातारी रखमाबाई हसली नाही. पाया उघडा असताना असलं तोंडातून काढू नये रे बाबा, असं ती म्हणाली. महिपतीनं तिलाही, तुला घालू का पायात, पण तू जेठी नाहीस, म्हणून उडवून लावलं.

पण उपाय लागू पडला. त्या दिवसापासून एक पोर खड्ड्याकडे फिरकलं नाही. महिपतीला आपल्या अकलेचं भारी कौतुक वाटलं. खांद्यावर रिकामं पोतं असायचंच. पोरं दिसली की ते दोन्ही हातांनी उघडून दाखवायचं, की पोरं चिमण्यांसारखी भुर्र उडायची. मोठी पोरं हसत पळायची. अंजनी मात्र खरीच भ्यायची. ती जेठी, शिवाय एकुलती. तो दिसला की आईच्या लुगड्यात तोंड खुपसायची. बनू म्हणायची, अगं मामा आहे तो. पण मामाच्या खांद्यावरचं पोतं तिच्या नजरेतून काही हलायचं नाही.

माघात एका दुपारी बाया भाकरी खाऊन कामाला लागल्या होत्या. महिपती काठाकाठानं इंजिनाकडे निघाला होता. उंबराखाली अंजनी एकटीच वाळूत घर करत बसली होती. तिनं मान वर केली. महिपतीनं सवयीनं पोतं उघडलं. पोर उठली आणि आई होती त्या बाजूला न जाता खालच्या अंगाला, डोहाकडच्या लव्हाळ्यात पळाली. त्याला हसू आलं. इंजिन धूर ओकत होतं, तिकडे हाका चालल्या होत्या. तो पुढं गेला.

सांजेला बनूनं पोरीला हाक मारली आणि ओ आली नाही.

लव्हाळा तुडवला, डोहात जाळी टाकली, भोई आणून गळ फिरवले. महिपती स्वतः त्या गारठ्यात पाण्यात उतरला आणि ओठ निळे पडेपर्यंत बुड्या मारत राहिला. पोर तिकडं जाताना दिसली, एवढं त्यानंच सांगितलं. कोणाला बघून पळाली, ते मात्र त्याच्या तोंडातून निघालं नाही. उभ्या जन्मात ज्याला कधी गप्प बसता आलं नाही, तो नेमका तेव्हा गप्प बसला. अंजनी सापडली नाही, तिचं फडकंसुद्धा सापडलं नाही. पोलीस आले, पोर डोहात बुडाली असावी असं लिहून घेऊन गेले.

आणि त्याच आठवड्यात मधल्या खांबानं पाया धरला.

माघात नदीचं पाणी उतरतं, ते तसंही उतरणारच होतं, हे त्या काठावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण बोलाफुलाला गाठ पडली की कोण पाण्याचं गणित मांडत बसतो? जो पाया दोन महिने उभा राहीना तो पोर गेल्यावर उभा राहिला, आणि मुकादम तर आधीच सगळ्यांदेखत सांगून बसला होता. ज्या आया तेव्हा पदराआड हसल्या होत्या त्यांनीच ते बोलणं शब्दन् शब्द घरोघर पोचवलं. दोन-तीन दिवसांत कामावर चिटपाखरू राहिलं नाही.

शेठनं त्याला बोलावून घेतलं. त्याला पोर पायात आहे की डोहात, याच्याशी कर्तव्य नव्हतं.

"महिपती, तू आदमी लाता है तो तू मुकादम. आदमी नहीं, तो मुकादम काहे का?"

पूल शेठनं घाटावरून आणलेल्या माणसांकडून पुरा करून घेतला. मात्र त्या दिवशी महिपती निघताना शेठ म्हणाला, दिवाळीनंतर कॅम्पात मोठं काम निघतंय, तोवर नाव धुऊन माणसं घेऊन ये, जागा तुझीच.

नाव धुणं म्हणजे काय लुगडं धुणं आहे? महिपतीनं देवळात सगळ्या गावासमोर बेल-भंडारा उचलला आणि शपथ घेतली, की पोरीला मी हात लावलेला नाही. लोक खाली बघत उभे राहिले. तेव्हा त्याची बायको कौसाबाई पुढं आली. एरवी चारचौघांत आवाज न काढणारी बाई. ती म्हणाली,

"माज्या मालकाच्या जिभेला हाड नाय, ह्ये समद्यांना ठावं हाय. पन त्यांच्या हाताला पाप नाय. असंल तर माज्या पोटच्याला लागंल."

त्यांची लेक तेव्हा बाळंतपणाला माहेरी आलेली होती. त्या घरातल्या बाईनं असली आण घ्यावी, याचा लोकांवर परिणाम झाला. पावसाळाभर महिपती दारोदार फिरला, दुसऱ्याच्या शेतात फुकट चिखलणी केली, तोंड आवरून राहिला. गणपतीपर्यंत माणसं बोलायला लागली. दसऱ्याला काहींनी शब्दही दिला, पण सगळ्यांचं घोडं एकाच जागी अडायचं: बनू काय म्हणते? बनू काहीच म्हणत नव्हती. तिनं एकदा चारचौघांत सांगावं की दादाचा यात हात नाही, मग आम्ही आलोच, असं जो तो म्हणे. महिपतीचं सगळं भवितव्य त्या बाईच्या एका वाक्यावर येऊन टेकलं.

दिवाळी आठवड्यावर आली तेव्हा तो मनाचा हिय्या करून तिला भेटायला निघाला. ती पुलाजवळच गवत कापत होती. अंगावर मांस नव्हतं, केसांना तेल नव्हतं. काय बोलायचं ते त्यानं वाटभर घोकलं होतं. पण तिनंच विळा खाली ठेवला आणि विचारलं,

"दादा, कुठल्या खांबाखाली ठेवली?"

बनू, मी शपथ घेतलीय, असं तो म्हणू लागला, तर तिनं मानेनंच थांबवलं.

"भांडायला नाय इचारत. पोलिसातबी सांगनार नाय. डोहावर जाऊन हाक मारते तर वाटतं ती हितं नाय. पुलावर येते तर कळत नाय कुनीकडं बघू; लोक मधला म्हनत्यात, पन त्यांनी कुठं बघितलंय? रोज भात काढून ठेवते, तो कुठं न्यावा? तेवढं सांगा, मंग मी तुमाला काय बी इचारनार नाय."

पोर डोहात आहे, असं तो सांगू शकला असता. ते खरंही होतं, निदान तसं त्याला वाटत होतं. पण डोह तिनं गळ टाकून, हाका मारून, नऊ महिने पाहिला होता आणि डोहानं तिला काही दिलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढं ती वाळूतलं घर सोडून उठलेली पोर आली. पोत्यात भरली नाही एवढंच. पाण्यात आपणच घातली, हे तो त्या दुपारपासून आत धरून बसला होता. ते आता वर आलं आणि त्याला आवरता आवरेना. तो हमसाहमशी रडला. मग त्यानं हात उचलला आणि मधल्या खांबाकडे दाखवलं.

बनूबाईनं बराच वेळ तिकडं पाहिलं. मग तिनं त्याच्या पायांना हात लावला. त्यानं काय केलं होतं म्हणून लावला, ते तिचं तिलाच माहीत.

ती कोणाला काही बोलली नाही, शब्द पाळला. पण दुसऱ्या दिवशी ती वाटीत दूधभात घेऊन नदीत उतरली, मधल्या खांबाच्या दगडाला हळदकुंकू लावलं आणि तिथं बसून राहिली. तिसऱ्या दिवशीही गेली. गावाला डोळे असतात. ज्यांनी शब्द दिला होता त्यांनी महिपतीची वाट टाळायला सुरुवात केली, आणि शेठकडे कोणीतरी दुसराच माणसं घेऊन गेला. पण बनू जेवायला लागली होती, जावेशी दोन शब्द बोलायला लागली होती.

कौसाबाईनं पाणवठ्यावर ऐकलं. घरी येऊन तिनं हंडा उतरवला आणि नवऱ्यापुढं उभी राहिली. लेक दिवाळीला आली होती, नातू ओसरीवर रांगत होता. महिपतीनं तिला सगळं सांगितलं. पोतं उघडलं ते, पोर पळाली ते, आपण हसलो ते, आणि नदीवर बनूला खांब दाखवला तेही. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं काही पदरचं न घालता सांगितलं.

"म्हंजे देवळात मी खोटी आन घेतली?"

"नाय. तू खोटी नाय. मी बनूला खोटं सांगितलं. तिला कुठंतरी बसायला जागा पायजे व्हती."

"आनि पोर तुमाला बघून पळाली, त्ये?"

"त्ये खरं."

"इतके दिस का नाय बोललात?"

नातू रांगत रांगत आज्यापाशी आला होता आणि त्याच्या धोतराला धरून उभं राहू बघत होता. महिपतीनं त्याला घ्यायला हात पुढं केले. कौसाबाईनं पोराची मूठ धोतरापासून हळूच सोडवली, त्याला उचललं आणि आत नेऊन दार लावून घेतलं.