मछलीबंदरचा समुद्र

गोविंदराव गेल्याचा निरोप पूर्णेहून आला तेव्हा मी दाढी करत होतो. तसाच उठून परभणीचं स्टेशन गाठलं. एका गालाला साबण आहे हे गाडीत शेजारच्याने सांगितलं. गोविंदराव असता तर पोट धरून हसला असता... माझ्या फजितीवर तो आयुष्यभर हसला, पण तोंडावर. मी त्याच्याशी जे केलं ते तोंडावर नव्हतं.

निजामाचं राज्य होतं. तो पूर्णा जंक्शनवर पार्सलबाबू, मी परभणीला मास्तर. समुद्र दोघांनीही पाहिलेला नव्हता. तो तसं सरळ सांगायचा. मी मात्र लहानपणी रत्नागिरीच्या समुद्रात पोहल्याची थाप मारून ठेवली होती. त्यामुळे रेल्वेचा पास मिळाला तेव्हा जाणता माणूस म्हणून त्याने मला, पासावर ‘भाऊ’ करून, पूर्व किनाऱ्यावरच्या मछलीबंदरला नेलं. त्याच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, समुद्राची ओटी भरायला खण-नारळ बांधून दिला होता.

सकाळी उतरलो, संध्याकाळची गाडी परतीची. समुद्र आधी पाहू, असं तो म्हणत होता. मी म्हणालो, समुद्र कुठं पळतोय? मग त्याला डच लोकांची जुनी थडगी दाखवली, न येणारी अक्षरं ऐटीत वाचली, ठशांनी कापड छापणाऱ्यांकडे तासभर घालवला, आणि भात चापून धर्मशाळेच्या ओट्यावर असा घोरलो की उठलो तेव्हा उन्हं कलली होती. धावतपळत एका चिखलाच्या काठाशी पोचलो. समोर रुंद, गढूळ पाणी, पलीकडे झाडी. तिथला नावाडी तेलुगूत काही बोलत लांब, पुढे, हात दाखवत होता. मला कळलं. ती खाडी होती. समुद्र अजून कोसभर तरी पुढे. पण ‘चुकलो’ म्हटलं असतं तर रत्नागिरीही बुडाली असती.

“हाच,” मी म्हणालो.

गोविंदरावाने चपला काढल्या, ओटी भरली, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. खारट होतं, बिचाऱ्याची खात्री पटली. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. तो जरा वेळ बघत राहिला. “आपल्या गंगेएवढाच हाय की रे, मास्तर.”

“इथून तसाच दिसतो.”

पुढे वीसेक वर्षं पूर्णेच्या प्लॅटफॉर्मवर तो हे ज्याला त्याला सांगत राहिला. मुंबई पाहून आलेले त्याला मुद्दाम विचारायचे, “बाबू, समुद्र केवढा असतो?” तो मनापासून उत्तर द्यायचा, आणि बाकडी हसायची.

तेराव्यानंतर वहिनींना भेटलो. त्या डाळ निवडत बसल्या होत्या. सांगू लागल्या, दर वर्षी पास यायचा, मी म्हणायची मला समुद्र दाखवा, तर म्हणायचे, त्यात काय न्हाई, गंगा पाहिलीस ना... मला ऐकवेना. जे झालं ते सगळं सांगून टाकलं.

त्यांनी मान वर केली नाही. डाळीतला खडा वेचत म्हणाल्या, “भावजी, लोक ह्यांला हसायचे, तवा तुमी बी तिथंच असायचे ना?”

“असायचो.”

त्या हसण्यात सगळ्यांत मोठा आवाज माझा असायचा, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही... ते इथे लिहितो आहे.