रिकाम्या घागरीतलं पाणी

ये गं सुमे, अशी जवळ बस. चार महिन्यांनी उगवलीस नि आल्या आल्या निघायचं बोलतेस, शोभतं का तुला? कोपऱ्यातली ती तांब्याची घागर कुणाची विचारतेस ना, मग विठूमास्तर ऐकावे लागतील.

विठूमास्तर आमच्या नाटक कंपनीत नायिका व्हायचे. पुरुषच, मंगळवेढ्याचे, पण केस कमरेपर्यंत. कंपनीत बाई म्हणून पहिली आले ती मी, एकोणीस वर्षांची. त्या पावसाळ्यात सोलापूरच्या मुक्कामी मालकांनी महिनाभर खेळ बंद ठेवून कसून तालीम लावली. मुरलेल्या नटांनाही सूट नव्हती. शिकवायला मास्तर.

आठ दिवस भरलेली घागर कमरेवर घेऊन अंगणात फेऱ्या, मग तीच घागर रिकामी, पण चाल भरलेलीचीच हवी. जन्मभर पाणी वाहिलेली मी. मनात म्हटलं, हे मला पुरुषानं शिकवायचं? पण रिकामी उचलली की माझी चाल हलकी व्हायची. मास्तर पायांकडे बघत म्हणायचे, "पानी कुटं हाय? वाटंत सांडलंस व्हय?" मग स्वतः चालून दाखवायचे, आणि कडेला बसलेले नट भिजू नयेत म्हणून धोतरं सावरायचे.

महिना सरताना मालकांनी सांगितलं, यापुढे नायिका मी. मला जमलं नसतं, तर काम मास्तरांकडेच राहिलं असतं. आणि हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी रडतच विचारलं, मग शिकवलंत कशाला?

"न्हाय शिकवलं तर काम माजंच ऱ्हायलं असतं, पोरी. पर माज्यामागं नाटकातली ती बाई रिकामी घागर घिऊन फिरली असती की."

पहिल्या खेळाच्या सकाळी मास्तर केस कापून आले. रात्री विंगेत उभं राहून माझी चाल बघितली, "भरली" एवढंच म्हणाले, नि दुसऱ्या दिवशी गावी गेले.

दोन वर्षांनी निरोप आला, अंथरूण धरलंय, एकदा येऊन जा. मंगळवेढा ते कितीसं लांब? पण आज खेळ, उद्या खेळ. येते, येते म्हणत राहिले. पोचले तेव्हा तेरावा उरकला होता. त्यांच्या अंथरुणाच्या जागेसमोर ही घागर होती. त्यांची भावजय म्हणाली, "त्येनीच ठिवायला लावली. ती आली की उचलू दे, चाल बगायची हाय, म्हनत हुते."

उचलली गं मी. रिकामीच होती, पण दारापर्यंत नेताना कंबर मोडली.

तेव्हा 'येईन सवडीनं' असं मला म्हणू नकोस. जा आता, पण पुढच्या रविवारी ये.