शुक्रवारी आटणारा ओढा

हे किस्से मी कधी जमवायला बसलो नाही. कपड्यांना कुसळं चिकटावीत तसे ते चिकटत गेले. वर्षातून दोन-तीनदा फ्रँकफर्टला आम्ही मराठी मंडळी जमतो, जेवणं होतात आणि मग कोणीतरी विचारतोच, "काय रे, तुझा मासेवाला क्लब काय म्हणतो?" मी एक सांगतो, त्याला लागून दुसरा निघतो. लोक हसतात. मी सांगता सांगता चिडत जातो आणि मी चिडलो की लोक आणखी हसतात. माझी बायको नीता म्हणते, तुला किस्से सांगता येत नाहीत, तू तक्रारी सांगतोस. असेलही.

मी मूळचा कुडाळचा. युरो नवा नवा होता तेव्हा वाल्डॉर्फच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आलो. घर मिळालं ते तिथून पुढे, डोंगर सुरू होतात त्या गावात. गावातून एक ओढा जातो. त्याला नाव आहे, पण सगळे नुसतं 'बाख' म्हणतात, म्हणजे ओढाच. गुडघाभर, गार, तळ दिसेल असं पाणी. त्यात ट्राउट. अंगावर लाल ठिपके असलेला, वाहतं गार पाणी नसेल तर मरणारा मासा. त्या ओढ्याची राखण गावातला गळ टाकणाऱ्यांचा क्लब करतो, आणि क्लबात ओढ्याची जबाबदारी होर्स्ट यांच्याकडे. सत्तरीचे, आयुष्यभर प्लंबिंगची कामं केलेले. क्लबात सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, पण मला ते होर्स्टच्या बाबतीत कधी जमलं नाही. मनातल्या मनात मी त्यांना अहो-जाहोच करतो.

*

कुडाळला माझे आजोबा काठीला दोरी बांधून कर्ली नदीवर गरवायला बसत. इथे गळ पाण्यात टाकायचा तर आधी परीक्षा. त्या परीक्षेला बसायचं तर आधी तीस तासांचा वर्ग. माशाचं हृदय कुठे असतं, कोणता मासा किती लांबीचा झाल्याशिवाय पकडायचा नाही, पकडलेला परत कसा सोडायचा, असं सगळं. तीन शनिवार-रविवार मी त्यात घालवले.

नीताला मी मोठ्या कौतुकाने वेळापत्रक दाखवलं. तिने ते बोट लावत खालपर्यंत वाचलं.

"तीस तास?" ती म्हणाली. "आपलं लग्न दोन तासांत उरकलं होतं. तुझं काहीच न तपासता."

*

पहिल्या उन्हाळ्यात होर्स्टनी मला पिल्लं मोजायला नेलं. कमरेपर्यंतचे रबरी बूट, हातात जाळी आणि बादली. पिल्लू धरायचं, मोजायचं, सोडायचं. मी पुढे होतो, होर्स्ट पन्नासेक पावलं मागे. काठावरून कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईंनी पोलिसांना फोन केला की एक परका माणूस बाखमध्ये उतरून मासे चोरतो आहे.

दोन पोलीस आले. त्यांनी मला बाहेर बोलावलं, बादली पाहिली, मासे पकडायच्या परवान्याचं कार्ड मागितलं. कार्ड माझ्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत होतं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि गाडीत नेऊन फोनवर पडताळलं. एवढ्यात होर्स्ट पाण्यातून वर आले. थोरला पोलीस त्यांना 'मॉर्गन, होर्स्ट' म्हणाला, म्हणजे ओळखीतलं सुप्रभात.

होर्स्टनी त्याला विचारलं, माझं कार्ड नाही बघणार? तो म्हणाला, तुमचं कशाला. होर्स्ट म्हणाले, कारण ते माझ्याकडे नाही, घरी विसरलोय. पोलीस हसला, म्हणाला, चालायचंच.

होर्स्टचा चेहरा लाल झाला. "चालायचं नाही. वही काढ. दंड लिही."

"अहो, पण मी तुम्हाला ओळखतो."

"मग त्यालाही ओळखून घे. तोवर माझा दंड लिही."

लिहायला लावला त्यांनी. पावती अजून त्यांच्या स्वयंपाकघरात फ्रिजला लावलेली आहे.

*

आता माझा राग ज्यावर आहे त्याकडे येतो.

गावाच्या वरच्या अंगाला जुनी पाणचक्की आहे आणि तिचा बंधारा. ती दातांच्या एका डॉक्टरांनी विकत घेतली, त्यांना आपण डॉक्टर फेल्टन म्हणू. त्यांनी तिथे छोटं टर्बाइन बसवलं आणि वीज विकायला लागले. हिरवी वीज. गाडीवर स्टिकर, दारावर पाटी. टर्बाइनला पाणी लागतं म्हणून बंधाऱ्यावरून ते कालव्यात वळवायचं आणि गावाच्या खाली पुन्हा ओढ्यात सोडायचं. मधल्या भागात ओढ्यासाठी थोडं पाणी ठेवायचं, असं परवान्यात लिहिलेलं. पण शुक्रवारी दुपारी सरकारी ऑफिसं बंद झाली की ते थोडं पाणीही टर्बाइनला जायचं. सोमवारी सकाळी ओढा परत वाहायचा.

नोव्हेंबर-डिसेंबरात ट्राउट खड्यांत अंडी घालतो. डिसेंबरातल्या एका शनिवारी मी आणि होर्स्ट गावातल्या पुलाखाली गेलो तर पाणी नव्हतं. होर्स्ट गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी हाताने खडे बाजूला केले. साबुदाण्याएवढी अंडी, नारिंगी असायला हवी ती पांढरी पडलेली, एकमेकांना गोठून चिकटलेली. त्यांनी ती तळहातावर घेतली. बराच वेळ हात तसाच धरून बसले.

सोमवारी मी पाण्याच्या खात्यात फोन केला. बाईंनी विचारलं, आत्ता पाणी आहे का? मी म्हटलं, आत्ता आहे. मग अडचण काय आहे, त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "असं करा, लेखी कळवा."

लेखी कळवलं, फोटोंसकट. सहा आठवड्यांनी उत्तर आलं की साहेब पाहणीला येतील. बुधवारी, सकाळी दहाला. पत्राची एक प्रत डॉक्टर फेल्टन यांना.

बुधवारी ओढा असा वाहत होता की मी त्याला ओळखलं नाही. साहेब ऑफिसचे बूट घालून आले होते. काठावर घसरले, एक पाय आत गेला. होर्स्ट त्यांना सांगायला लागले की शुक्रवारी या, न सांगता या. साहेबांनी पायमोजा पिळला.

"मी घोट्यापर्यंत भिजलो आहे," ते म्हणाले. "आणखी किती पाणी हवं तुम्हाला?"

अहवालात तेच आलं. पाणी पुरेसं.

*

आमचा क्लबही काही संतांचा नाही. वसंतात काही जण तळ्यात वाढवलेले लठ्ठ मासे विकत आणून शुक्रवारी गावाखाली, कालव्याचं पाणी परत येतं तिथे, बाखमध्ये सोडत आणि शनिवारी तेच गळाने पकडत. अध्यक्षांनी एकदा मीटिंगमध्ये सांगितलं की सभासदांना मासा तव्याच्या मापाचा हवा असतो. होर्स्टनी विचारलं, "मग तवाच घेऊन का बसत नाही काठावर?" तीन महिने अध्यक्ष त्यांच्याशी बोलले नाहीत.

*

पुढच्या डिसेंबरात पुन्हा तेच. एका डबक्यात सात मोठे ट्राउट अडकलेले, पाठी पाण्याबाहेर. आम्ही ते दोन बादल्यांत घेतले. सर्वांत जवळचं खोल पाणी म्हणजे बंधाऱ्याच्या वरचं, आणि तिथे जायची वाट डॉक्टरांच्या गेटातून. डॉक्टर स्वतःच गेटवर आले. म्हणाले, खाजगी जागा आहे, आत सोडता येणार नाही, कोणी पडलं तर विम्याचा प्रश्न येतो. मी सांगत होतो की पाच मिनिटांचं काम आहे, मासे मरतील. ते मान हलवत होते, अगदी सभ्यपणे. त्या सभ्यपणाने मला जास्त राग आला.

गेटाला लागून, बुटक्या कुंपणाच्या पलीकडे, त्यांचं बागेतलं तळं होतं. पंप, कारंजं, जपानी रंगीत मासे. होर्स्टनी एक बादली उचलली आणि कुंपणावरून त्यात रिकामी केली. मग दुसरी.

डॉक्टर ओरडले, हे काय चाललंय.

"बंदीचा हंगाम आहे," होर्स्ट म्हणाले. "आणि तुझ्याकडे कार्ड नाही. पकडलास तर गुन्हा, मारलास तर गुन्हा. हंगाम उघडेपर्यंत नीट सांभाळ."

आम्ही होर्स्टच्या घरी पोचून चहा टाकतोय तोवर फोन आला. मासे ताबडतोब घेऊन जा. होर्स्टनी शांतपणे ऐकून घेतलं.

"लेखी कळवा," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

*

आता बंधाऱ्याला खालपर्यंत एक खाच आहे. तिला झडप नाही, म्हणून तिच्यातून पाणी कायम वाहतं, शुक्रवारीही. खात्यातले लोक म्हणतात, ते आमच्या पत्रांमुळे झालं. क्लबचे अध्यक्ष म्हणतात, क्लबमुळे झालं. पण सगळं जिथे फिरलं त्या सभेला मी होतो.

सभा डॉक्टरांनीच बोलावली होती, शनिवारी दुपारी, गावाच्या हॉलमध्ये, केक आणि कॉफीसकट. त्यांना दुसरं टर्बाइन बसवायचं होतं आणि गावाचा पाठिंबा हवा होता. पडद्यावर बाखचा फोटो होता, पाहणीच्या बुधवारी काढलेला; बाहेर पुलाखाली त्या शनिवारी नुसते खडे होते. होर्स्ट उभे राहिले तसं मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, झालं सुरू. मी आकडे घेऊन उभा राहिलो. दोन मिनिटांत महापौरांनी घड्याळ पाहिलं. मी बसलो.

मग नीताने हात वर केला.

तिला जर्मन शिकायला लागून सहा महिने झाले होते. बेकरीत पाव मागायचा तरी ती आधी मनात म्हणून बघायची. त्या हॉलमध्ये दीडशे माणसं होती. ती उभी राहिली तेव्हा तिच्या हातातला रुमाल चुरगळलेला होता.

"मी मुलीला शाळेत सोडायला रोज पुलावरून जाते," ती सावकाश म्हणाली. एकेक शब्द जुळवत. "पुलाखाली ओढा होता."

डॉक्टर हसले. मोठ्या प्रेमाने, मास्तरांसारखे.

"इस्ट, फ्राऊ सावंत. 'ओढा आहे' असं म्हणायचं. तुम्ही 'वार' म्हणालात. 'वार' म्हणजे 'होता', भूतकाळ."

काही लोक हसले. मी उठणार तेवढ्यात नीताने, उभ्या उभ्याच, माझा खांदा खाली दाबला.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "वार."