छपरातली बाभळ

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत न्हाय. पन आख्खं बावडा गाव त्येंला झुंबर मिस्त्री म्हनतं, म्हनून एकदाच घेते. चाळीस वर्सं सुतारकी केली. मानूस कामाला सोनं, स्वभावाला मिरची. मी ठमाबाई, मी बी काय कमी न्हाय.

माझं गुडघं गेलं दोन वर्सामागच्या दिवाळीपास्नं. बारामतीच्या डाक्टरनं सांगितलं, उकिडवं बसायचं बंद, न्हायतर आंथरुन धरावं लागंल. आता मेथी-कोथमीर काय हुभ्यानं खुडत्यात? आठ गुंठं रान माझं. इंदापूरच्या बाजारात बायका माझ्या जुड्या नावानं मागत्यात. ते सोडायचं म्हनल्यावर मला रडूच आलं. तवा बारामतीला नोकरीला असलेल्या आमच्या लेकीनं, छकुलीनं सुचवलं, की कमरंएवढं उंच लाकडाचं वाफं करा, पेटीवानी. माती भरा अन् हुभ्यानं खुडा.

ह्येंनी मान हलवली. पेटी कोनबी करंल म्हनलं, पन बारा म्हयनं ओली माती अंगाला लागल्यावर टिकंल असं लाकूड कुठं हाय? वखारीत जाऊन सागवान बघितलं, तर कवळं, निम्मं पांढरं, कुजनारं. लेकीनं औषिद मारलेल्या फळ्या धाडल्या, त्या वास घिऊन भाईर टाकल्या. ह्यातली भाजी लोकाच्या पोटात घालू का म्हनून माझ्यावरच डाफरलं, जसं काय औषिद मीच मारलं. कळंबला जाऊन कडुलिंबाचा ओंडका आनला, फोडला तर आतनं पोकळ. जुन्या बाभळीचा गाभा पायजे, एवढंच म्हनायचं.

जुनी बाभळ घरामागंच व्हती. पत्र्याच्या छपरात, दगडावर रचलेली, सात वर्सं. माझं दीर सोनबा भर पावसात गेलं. गावात कोरडं लाकूड मिळंना, सरन पेटंना, शेवटी टायर टाकला. तवापास्नं ह्येंनी सवताच्या सरनाची बाभळ रचून ठिवली. तिला कुनी हात लावायचा न्हाय. मला लई राग यायचा. सवताची सोय करून बसलं, बायकू काय उघड्यावर टाकायची का, असं मनात हजारदा म्हनले.

आता आमी दोघंबी छपराकडं बघायचं टाळायचो. सरनाचं लाकूड दुसऱ्या कामाला घेतलं, की त्याचा धनी वरीस काढत न्हाय, असं माझी सासू सांगायची. भाजीपायी नवरा घालवू का मी?

बाजाराच्या आदल्या सकाळी मी गुपचूप रानात गेले अन् खुडायला बसले. बसले ती बसलेच. उठायला गेले तर गुडघा अडकला, आडवी झाले मातीत. हाका मारल्या, पन मोटर चालू, कोन ऐकतंय? ऊन डोक्यावर आलं तवा ह्ये आलं. उचलून बाजंवर ठिवलं.

जरा येळानं छपरातनं करवतीचा आवाज आला. भिंत धरत धरत गेले अन् पातं हातानं धरलं.

"कापायचं न्हाय. मला भाजी नको, तुमी पायजे."

"सोड. बोटं तुटतील."

मी सोडंना. ह्येंनी करवत तशीच ठिवली अन् ओंडक्याच्या अंगात बोट घातलं. वरचं पांढरं लाकूड भुगा हून गळलं. आत गाभा, काळा-तांबडा, दगडावानी. म्हनलं, वाळवीनं सात वर्सं खाल्लं अन् हितं येऊन थांबली, तुझ्या वाफ्याला ह्येच पायजे. सासूचं बोलनं काढलं तर म्हनलं, मेल्यावर मला टायर बी चालंल, पन तू मातीत पडलेली बघवत न्हाय.

मी पातं सोडलं. तवा माझं ध्यान गेलं. निम्मं ओंडकं तारंनं बांधून बाजूला सरकवलं व्हतं. ही लाकडं का ठिवली म्हनून इचारलं.

ह्येंनी माझ्याकडं बघितलं न्हाय. "ती तुझी हायती. रचतानाच दोघांची रचली. माझी कापतोय, तुझ्यांना हात लावत न्हाय."

सात वर्सं मी ह्या मानसाला मनात शिव्या घातल्या. डोळं पुसलं अन् म्हनले, "माझी बी कापा. एका वाफ्यात कोथमीरच मावंल, मेथी कुठं लावू?"

ते भुग्याचं पांढरं लाकूड चुलीत घातलं, त्यावर पानी तापवून गुडघं शेकलं. दोन वाफं झालं. त्याला आता दीड वरीस झालं. गाभा तसाच हाय, अन् ह्ये बी तसंच, रोज डाफरत्यात. छपरात कोंबड्या बसत्यात.